दारावरच्या चार रेघा

"गाडीत मांजर कोंडलं होतं का हो कधी?" ऑफिसातल्या आवक-जावकच्या बाईंनी मागच्या सीटवरून विचारलं, आणि समोरचा दिवा हिरवा होऊनही त्याचा पाय जागचा हलला नाही. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. बाई रोज त्याच्याबरोबर येत नसत. त्या दिवशी त्यांची बस चुकली होती आणि पुलापर्यंत दोघांची वाट एक होती. पुढच्या सीटवर ऑफिसातल्या नकाशांच्या गुंडाळ्या होत्या म्हणून त्या मागं बसल्या, डाव्या बाजूला, खिडकीशी. नेमक्या तिथंच. आरशात त्याला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बोट दिसत होतं. काच जिथं दारात उतरते तिथून खाली, प्लॅस्टिकवर ओढलेल्या चार रेघांवरून ते बोट हलके हलके फिरत होतं, न कळणाऱ्या लिपीवरून फिरावं तसं. "हो," तो म्हणाला, "शेजारचं होतं. एकदा राहून गेलं आत." आणि हसला. हसणं इतकं चटकन जमलं याचंच त्याला मागाहून नवल वाटत राहिलं. "बिचारं," बाई म्हणाल्या. "किती तडफडलं असेल." मग त्या बसच्या तक्रारींकडे वळल्या, पूल आला, त्या उतरल्या, खिडकीशी वाकून आभार मानून गेल्या. तो तिथंच गाडी थांबवून बसला. मांजर. केवढा सोयीचा शब्द, कुणीतरी आयता हातावर ठेवलेला. त्यानं तो घेतला, मुठीत धरला, आणि आता मूठ उघडायची सोय राहिली नव्हती.

रेघा आठ महिन्यांपूर्वीच्या होत्या. आठ महिने त्या जागी आईशिवाय कुणी बसलं नव्हतं, आणि आई बसली की तिचा हात त्या रेघांवरच असायचा, पिशवीवर ठेवावा तसा, सहज. त्यामुळे त्या झाकलेल्याच असत. बायको पुढं बसायची. तिची पाठ त्या दाराकडे. गाडी धुताना तो ते दार शेवटी पुसायचा, आणि पुसताना दुसरीकडे बघायचा. एखाद्या ओळखीच्या माणसाला रस्त्यात टाळावं तशी त्यानं आपल्याच गाडीची एक बाजू टाळली होती. आता बाईंच्या बोटानं ती बाजू उजेडात आणली. उद्या आणखी कुणी बसेल, आणखी कुणी विचारेल, आणि एखादा विचारणारा मांजराचं नाव काढणार नाही. त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला सांगितलं की गाडीचं आतलं प्लॅस्टिक फार जुनाट दिसायला लागलंय, चारही दारांना छान मऊ कापड बसवून घ्यावं म्हणतो, हल्ली ते स्वेडसारखं मिळतं ना, तसलं. कारागिराकडं टाका गाडी, ती म्हणाली. नको, म्हणाला, मीच करतो घरी, फोनवर सगळं दाखवतात. कारागिराकडे टाकायची नव्हती ती याचसाठी, की कारागीर पॅनल उतरवील, हातात धरील, उजेडाकडे तिरपं करील आणि विचारील, साहेब, हे काय झालं?

कापडवाल्यानं चार-पाच ताके फळीवर उलगडले. त्यातलं कोळशाच्या रंगाचं एक याच्यापुढं सरकवून म्हणाला, नुसता हात फिरवून बघा, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं आहे. हात फिरवला. खरंच तसं होतं. बोट गेलं तिथं वाट उमटली, तळवा फिरवला की मिटली. कापडवाल्यानं मग विचारलं, मागून फोम लावलेलं देऊ की नुसतं? "खाली ओरखडे-बिरखडे असतील तर फोमचंच न्या. सगळं पोटात घेतं ते. नुसतं कापड चुगलखोर असतं, खालचं वर सांगतं."

"खाली काही नाही," तो म्हणाला.

आणि नुसतं घेऊन आला. रस्ताभर स्वतःला विचारत होता, त्या माणसाशी खोटं बोलायची काय गरज होती? ना ओळखीचा, ना पाळखीचा, पुन्हा कधी दिसणार नाही. पण आता हे असंच झालं होतं. विचारणारा कोण आहे हे न बघताच तोंड 'नाही' म्हणून मोकळं होत होतं.

मागच्या गॅलरीत जुनी चादर अंथरून त्यानं काम मांडलं. रविवारी एक जोडी, पुढच्या रविवारी दुसरी. आधी पुढची दारं. चार स्क्रू, नऊ खुंट्या. खुंट्या पॅनलच्या मागून दाराच्या पत्र्यात रुतलेल्या असतात, पट्टी घालून उचकटल्या की एकेक टक्‌ करून सुटते. प्रत्येक टक्‌ला काहीतरी मोडलं असं वाटून तो थांबून बघे, आणि काहीच मोडलेलं नसे. साबणाच्या पाण्यानं धुवायचं, स्पिरिटनं पुसायचं, बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्यायचं, खड्डा असेल तर पुट्टी भरून पुन्हा घासायचं. मग कापडाच्या पाठीला आणि प्लॅस्टिकला, दोन्हीकडे चिकटद्रव्य फवारायचं आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागावं, पण बोटाला काही येऊ नये, इतकं. ही थांबायची दहा मिनिटं त्याला जड जात. बायको दारातून डोकावून म्हणाली, झाली का गाडीची दुलई? आता तिला उशी पण शिवा, आणि रात्री अंगाईही म्हणा. तो हसला. आई गॅलरीच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसलेली असे. तिला काम दिसलं की तिथून हलायची नाही. कोण काय करतंय हे तिच्या ध्यानात राहत नव्हतं, पण काहीतरी शिवलं जातंय, ताणलं जातंय, कापलं जातंय, एवढं तिला पुरे होतं. तिचे हात मांडीवर आपोआप हलत. डाव्या हाताची दोन बोटं चिमटा धरीत आणि उजवा तळवा काहीतरी सारखं करीत राही.

त्या हातांनी एके काळी पडदे शिवले होते. गावातल्या नाट्यगृहाचा मोठा पडदा, मखमलीचा, चौदा पाट, म्हणजे उभे पट्टे, जोडून केलेला, तिच्या दोन खोल्यांत मावायचा नाही म्हणून अर्धा जिन्यात उतरलेला. तो शाळेतून यायचा तो पडद्यावरूनच, बूट हातात घेऊन. मखमलीला लव असते. लव एका अंगाला निजलेली असते, आणि चौदाही पाटांची लव एकाच अंगाला निजली नाही तर शिवण कितीही सरळ असली तरी एक पाट काळा दिसतो आणि शेजारचा फिका. हे तिनं त्याला गाणं करून शिकवलं होतं. तिला सगळंच गाणं करून सांगायची सवय होती. मशीनच्या पायाच्या ठेक्यावर ती म्हणायची:

वरून खाली हात फिरव, कापड म्हणतं निजले गं,
खालून वर हात फिरव, कापड म्हणतं रुसले गं.

आणि मग प्रत्येक पाटाच्या पाठीवर खडूनं बाण काढायचा, निजेच्या दिशेला. बाण काढायचं काम त्याचं. अकरा-बारा वर्षांचा असेल. एका पाटावर त्यानं बाण उलटा काढला, कारण त्या वेळी जिन्याखाली मित्र हाका मारत होते. पडदा लागला, पहिला प्रयोग झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दिवे पडताच उजवीकडून पाचवा पाट रात्रीसारखा काळा दिसला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. परत येताना तिनं एवढंच विचारलं, पाचव्याचा बाण तूच काढला होतास ना रे? आठवत नाही, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी मागून घेऊन ती तो पाट उसवायला गेली, तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, बाई, कुणाला दिसलं नाही, कशाला खटाटोप. मला दिसलं, ती म्हणाली. पडदे शिवून ती नाटकं कधी बघायला गेली नाही. तो मात्र फुकटात जाऊन बसायचा, आणि रात्री तो आला की अंथरुणावरूनच ती विचारायची, लोक हसले का? नाटक रडकं असलं तरी तेच. लोक हसले का? तो हो म्हणायचा, आणि ती कूस बदलून झोपायची. जणू पडदा उघडतो तो लोकांनी हसावं म्हणूनच.

मागच्या उजव्या दाराचं पॅनल झालं आणि डाव्याचं राहिलं. चादरीवर ते पालथं पडलं होतं. त्यानं ते पालथंच उतरवलं होतं, पालथंच धुतलं होतं. आता घासायचं तर उताणं करणं भाग होतं. आईची खुर्ची त्या क्षणी रिकामी होती, ती आत जाऊन जरा आडवी झाली होती. त्यानं पॅनल उलटलं. चार रेघा. तीन लांब, एक आखूड. वरच्या कडेशी त्या खोल होत्या आणि खाली येता येता उथळ होत गेल्या होत्या, कुणी दमत जावं तशा. आणि त्यांच्या शेजारी, इतक्या महिन्यांत त्यानं कधी न पाहिलेल्या, आणखी किती तरी बारीक, केसासारख्या, एकीवर एक. म्हणजे एकदा नाही. पुन्हा पुन्हा. त्यानं पॉलिश पेपर घेतला, ठोकळ्याला गुंडाळला, आणि वरच्या कडेवरून दोन हात मारले. पांढरी पूड उडाली. ती बोटांना लागली, पिठासारखी. तिसरा हात मारवेना. घासलं की जाणार होतं, पाच मिनिटांचं काम, आणि गेल्यावर जगात त्याचा दुसरा पुरावा कुठंच उरणार नव्हता. आईच्या आठवणीतही नाही. हवं होतं ते हेच होतं. मग हात का थांबला? दया म्हणावी तर ती आठ महिन्यांपूर्वी कुठं होती? भीती असेल. चांगलं काही नसेल त्यात. त्यानं ठोकळा बाजूला ठेवला.

तो दिवस काही विशेष नव्हता, हेच त्यातलं वाईट. आईला दवाखान्यातून परत आणत होता. वाटेत ऑफिस. ऑफिसात त्या दिवशी साहेबांचा निरोपसमारंभ होता, तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून ते निवृत्त होत होते. दोन मिनिटं तोंड दाखवून यावं, असं त्यानं ठरवलं. आईला वर नेता आली असती. लिफ्ट होती, खुर्च्या होत्या, कुणीही तिला आदरानं बसवलं असतं. पण ती वर आली असती तर कुणालाही काहीही म्हणाली असती. त्याच्या आदल्या महिन्यात साहेब घरी आले होते तेव्हा तिनं त्यांना गिऱ्हाईक समजून दारातच उभं केलं होतं, टेप काढून डोक्यापासून पायापर्यंत मोजलं होतं आणि म्हणाली होती, एवढ्या उंचीला चार वार लागेल, आणि खाली दुमड जास्त ठेवावी लागेल, घेर बराच आहे. साहेब हसले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणून त्यानं गाडी झाडाखाली लावली, काच बोटभर खाली ठेवली, म्हणाला, आई, आलोच. मागच्या दारांना लहान मुलांसाठीची कडी असते, आतून उघडत नाहीत. ती त्यानं मुद्दाम लावून ठेवलेली होती, कारण एकदा ती चौकात उतरून चालायला लागली होती. वर पुन्हा किल्लीनं गाडीही बंद केली. बंद करताना गाडी दोनदा चिवचिवली. काचेतून आई त्याच्याकडे बघत होती, कुणी निरोप देऊन जातंय आणि आपण प्रवासाला निघालोय, अशा चेहऱ्यानं.

वर गेला तर भाषणं चालू होती आणि कुणाचंच रंगत नव्हतं. साहेब पडेल चेहऱ्यानं बसले होते. कुणीतरी त्याला पुढं ढकललं, तुम्ही बोला हो, तुम्ही गमतीदार बोलता. तो बोलला. सुरुवातीला दोन वाक्यं अडखळला, मग त्याला एकदम ती गोष्ट सुचली. टेप, चार वार, खालची दुमड, घेर. आईचा आवाज काढून सांगितली. सगळी खोली हसायला लागली. साहेबांनी डोळे पुसले. आवक-जावकच्या बाई टेबल धरून हसल्या. वीस वर्षं नकाशांवर वाकलेल्या त्याला असं हसू कधी कुणी दिलं नव्हतं. ते ऊन पडावं तसं अंगावर पडलं आणि त्याला हलवेना. कुणी म्हणालं, अजून सांगा, आणि त्यानं सांगितलं. आई दिव्याचं बटण दाबून फोनला उत्तर देते ते सांगितलं. आई आरशातल्या बाईला बसायला खुर्ची देते ते सांगितलं. केक झाला, चहा झाला, फोटो झाले. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा पाऊण तास उलटला होता, आणि त्यानं जिने उतरताना पाहिलं की झाडाची सावली सरकून शेजारच्या गाडीवर गेली होती.

ती ओरडत नव्हती. ताठ बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे, बाहीची कड घामानं ओली. उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटली होती. दार उघडल्यावर ती म्हणाली, आलास? एवढंच. लहानपणी तो शाळेतून घरी आल्यावर असायचा तसाच तिचा आवाज होता. त्यानं बाटलीतल्या पाण्यानं तिची बोटं धुतली, तिला पाणी पाजलं, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की दवाखान्याच्या फाटकात बोटं अडकली. बायकोनं संध्याकाळी आईला उजेडात बसवून सगळी नखं अगदी बारीक कापली. कापताना लाडानं रागावत होती, "एवढी वाढू द्यायची का हो आई? अडकणार नाहीत तर काय." आणि आई अपराधी चेहऱ्यानं हात पुढं करून बसली होती. त्यानंतर दर आठवड्याला बायको तिची नखं कापायची, बोटांच्या मांसापर्यंत. दर आठवड्याला तो त्या वेळी घराबाहेर जायचा.

ते सगळं आता पूड होऊन बोटांना लागलं होतं. त्यानं घासलं नाही, पुट्टीही भरली नाही. उरलेला कापडाचा तुकडा चादरीवर टाकून, मापाला न बघता, भराभर कापला. चिकटद्रव्य फवारलं, दहा मिनिटांच्या जागी चारच थांबला आणि कापड बसवलं. मधून कडांकडे, तळव्यानं दाबत, केस वाळवायच्या यंत्रानं ऊब देत, वळणावर ताणत, मागं दुमडत. कोळशाच्या रंगाखाली रेघा गेल्या. उरलंच नाही काही. त्यानं दोन्ही मागची पॅनलं भिंतीशी शेजारी शेजारी वाळत ठेवली आणि लांब जाऊन बघितलं. छान दिसत होती. किती दिवसांनी त्यानं शीळ घातली.

शिळेनं की वासानं, आई उठून आली. बायको चहा घेऊन तिच्यामागं. आईनं खुर्ची घेतली नाही, सरळ भिंतीशी गेली आणि दोन्ही पॅनलांकडे मान तिरपी करून बघायला लागली. "हे डावं उलटं लागलंय," ती म्हणाली. बायको म्हणाली, काय उलटं आई, सारखंच तर आहे. सारखं नव्हतं. आता तिनं म्हटल्यावर त्यालाही दिसलं. उजवं राखेसारखं फिकं होतं आणि डावं काळंभोर. बाण काढायचा राहिला होता. आई खाली बसली, डावं पॅनल तिनं मांडीवर घेतलं, वरून खाली हात फिरवला. "रुसलंय," ती म्हणाली, आणि हसली. तिचा तळवा खालून वर गेला, पुन्हा खाली आला, आणि वरच्या कडेशी थांबला. तळवा उचलून तिनं बोटांची टोकं ठेवली. नखं नसलेली मऊ टोकं.

"आत काहीतरी आहे रे," ती म्हणाली.

तो म्हणाला, काही नाही आई, प्लॅस्टिक आहे. त्याला कापडवाल्याचा आवाज ऐकू आला. आई डोळे मिटून चाचपत होती, सुईत दोरा ओवावा इतक्या एकाग्रतेनं. मग तिनं पॅनल पालथं केलं, दुमडीची एक कड शोधली आणि ती चिमटीत धरून त्याच्याकडे बघितलं. एवढा स्वच्छ चेहरा तिचा त्यानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पडद्यासमोर शिडीवर उभी होती तेव्हाचाच तो.

"आत्ता निघेल," ती म्हणाली. "वाळलं की नाही निघायचं."

बायको म्हणाली, अहो, त्यांना आवरा, एवढी मेहनत केलीत. त्यानं आईच्या हातातून पॅनल काढून घ्यायला हात पुढं केला. घेतलं असतं तर झालं असतं. उद्या गाडीला लागलं असतं, आणि आई उद्यापर्यंत विसरली असती. त्याच्या हातानं कापडाची दुसरी कड धरली. दोघांनी मिळून ओढलं. कापड सुटताना सावकाश करकर आवाज झाला, आणि चिकट तारांखालून त्या चार रेघा वर आल्या, पाण्यातून वर याव्यात तशा. आईनं त्यांवर चार बोटं ठेवली. सहज ठेवली, आणि बसली. तीन लांब, एक आखूड. बायको चहाची बशी धरून पुढं वाकली. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण बोटं बसलेली तिनं पाहिली होती.

"कुणी केलं हे?" आईनं विचारलं.

मांजर तोंडात आलं. दातांपर्यंत आलं, मऊ, तयार. त्याला वाटलं, शब्दही पाळलेला असतो, एकदा दूध घातलं की पुन्हा पुन्हा दारात येतो. त्यानं गॅलरीच्या कठड्याकडे बघितलं, वाळत घातलेल्या टॉवेलाकडे बघितलं, आणि मग आईकडे.

"तू," तो म्हणाला. "मी तुला गाडीत बंद करून गेलो होतो."

"किती वेळ?" हे बायकोनं विचारलं.

"पाऊण तास. उन्हात."

बायकोनं चहा कठड्यावर ठेवला. खाली बसून तिनं आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं एकेक उलगडून बघायला लागली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "नखं मी कापली होती त्यांची. वर रागावलेही होते." त्या आवाजात त्याला शिव्या सापडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यात फक्त तिची स्वतःची लाज होती, जी तिची नव्हती, आणि ती त्यानं आठ महिने तिच्याकडे ठेवायला दिली होती, तिला न सांगता.

आई मात्र विचारात पडली होती. कपाळाला आठी घालून ती त्या रेघांकडे बघत होती, दुसऱ्याच कुणा बाईची हकिगत ऐकावी तशी. "मग तू कुठं होतास?" ती म्हणाली. ठपका नव्हता, नुसता पत्ता विचारणं होतं.

"वर. ऑफिसात. साहेबांचा निरोपसमारंभ होता. मी भाषण करत होतो."

"तू भाषण केलंस?" तिचा चेहरा उजळला. त्या उजेडाकडे त्याला बघवेना. "कशावर रे?"

"तुझ्यावर. तू साहेबांचं माप घेतलंस, ती गोष्ट सांगितली. तुझा आवाज काढून."

आई हातातलं सोडून त्याच्याकडे वळली. आणि विचारलं तिनं तेच, जे ती अंथरुणावरून विचारायची, त्याच सुरात, अर्धी झोपेत, अर्धी वाट बघत:

"लोक हसले का?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी बंद केली, ती दोनदा चिवचिवली. बायकोनं आईचा हात आणखी घट्ट धरला आणि मान वर करून आता पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. तीही उत्तराची वाट बघत होती.

"हसले," तो म्हणाला. "खूप हसले."

आईनं समाधानानं मान हलवली. मग तिनं सोललेलं कापड मांडीवर पसरलं, पाठ वर केली, आणि इकडं तिकडं हात चाचपत खडू शोधायला लागली. खडू नव्हता. तिनं पॅनलावरची पांढरी पूड बोटाला घेतली, त्यानं घासलेली, त्या रेघांमधली, आणि कापडाच्या पाठीवर एक बाण काढला, निजेच्या दिशेला. कापडाचं एक टोक तिनं त्याच्याकडे सरकवलं.

"धर," ती म्हणाली. "आणि या वेळी जाऊ नकोस."